प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: नोकरी-घर सांभाळून पदवी

प्रवेशाचा हंगाम आला की दूरशिक्षणाबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रांत अभ्यासाची धास्ती असते. प्रत्यक्षात गाडी अडते ती तारखेवर, नावाच्या स्पेलिंगवर नाहीतर न भरलेल्या फॉर्मवर. म्हणून यंदाची उत्तरंही जरा तिकडेच झुकलेली आहेत.

प्रश्न: मी बारावी करून कारखान्यात लागलो, आता वय 32. आमच्या शहरातल्या एका सेंटरवाल्याने सांगितलं की बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाची बी.कॉम. एका वर्षात ‘वन सिटिंग’मध्ये निघेल, मार्कशीट तिन्ही वर्षांच्या मिळतील. विद्यापीठाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे असं त्याच्या बोर्डावर लिहिलंय. पैसे भरू का? (कराड)

उत्तर: नका भरू. तीन वर्षांची पदवी एका वर्षात मिळत नाही, मग ती कॉलेजात बसून करा की घरी बसून. एका वर्षात तीन गुणपत्रकं द्यायची तर दोनांवर मागची तारीख टाकावी लागते. नोकरीत बढतीच्या वेळी पडताळणी झाली की ती तारीख उघडी पडते, आणि तेव्हा सेंटरवाला नव्हे, तुम्ही अडचणीत असता.

बोर्डावरच्या मान्यतेचं म्हणाल तर विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असणं ही एक गोष्ट आणि त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने शिकवायची परवानगी असणं ही दुसरी. ही परवानगी यूजीसीचा दूरशिक्षण विभाग, म्हणजे डीईबी, देतो. तपासताना चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, पद्धत (दूरशिक्षण की ऑनलाइन) आणि सत्र (जुलै की जानेवारी, कोणत्या वर्षाचं). डीईबीच्या संकेतस्थळावर सत्रवार याद्या असतात. तिथे बी.ए. दिसतं म्हणून बी.कॉम. असेलच असं नाही. गेल्या वर्षी होतं म्हणून यंदा असेल असंही नाही.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. राज्य विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यांना दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत, आणि अभ्यासकेंद्र फ्रँचायझी म्हणून कुणाला चालवायला देणंही नियमात बसत नाही. त्यामुळे परराज्यातल्या विद्यापीठाचं ‘अधिकृत दूरशिक्षण केंद्र’ तुमच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानावर दिसलं की तिथूनच मागे फिरा. ऑनलाइन पदवीला राज्याची हद्द नसते, पण तिथे प्रवेश आणि फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर होते, मध्ये सेंटरवाल्याचं काम नसतं.

तुमच्यासाठी सरळ पर्याय दोन. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना 1989): मराठीतून पुस्तकं, राज्यभर अभ्यासकेंद्रं, कोल्हापूर आणि पुण्याला विभागीय केंद्र. दुसरं दिल्लीचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (1985), त्याची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर इथे आहेत. वाणिज्य शाखेची पुस्तकं मराठीतून हवी असतील तर आमचा कौल नाशिकला.

प्रश्न: प्रवेश अर्ज भरताना ‘डीईबी आयडी’ आणि ‘एबीसी आयडी’ मागतात. माझ्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. पुढे काही घोटाळा होईल का? (बार्शी)

उत्तर: होतो, आणि तो तिसऱ्या वर्षी लक्षात येतो. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

एबीसी म्हणजे तुमच्या क्रेडिटचं, अभ्यासाबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांचं, खातं. ते डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे उघडतं, त्यामुळे त्यात नाव येतं ते आधारवरचं. डीईबी आयडी 2024 पासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन प्रवेशाला सक्तीचा झाला. तो यूजीसीच्या पोर्टलवर एबीसी आयडी टाकून काढायचा. क्रम असा: आधी आधार, मग डिजिलॉकर, मग एबीसी, मग डीईबी आयडी आणि शेवटी विद्यापीठाचा अर्ज. सगळीकडे आधारला जोडलेला तोच मोबाइल नंबर लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो. नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा जोडलेला असेल तर तो आधी बदलून घ्या.

आता नावाचं. विद्यापीठ तुमची नोंद बारावीच्या गुणपत्रकावरून करतं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव, या क्रमाने. आधारवर आधी नाव, मग पतीचं, मग सासरचं आडनाव. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा अडत नाही. आडनावच वेगळं असेल तर एकच व्यक्ती असल्याचा पुरावा लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा पहिला कागद. त्यापेक्षा भक्कम म्हणजे नावबदलाची राजपत्रातली नोंद, ज्याला आपण सर्रास ‘गॅझेट करणं’ म्हणतो. महाराष्ट्रात त्याचा अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो.

पदवीवर कोणतं नाव हवं ते प्रवेशाआधीच ठरवा. जुनं नाव ठेवायचं असेल तर बारावीप्रमाणे प्रवेश घ्या आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबत जोडा. नवं हवं असेल तर आधी गॅझेट, मग प्रवेश. मध्येच, म्हणजे दुसऱ्या वर्षाला नाव बदलायचा अर्ज केला, तर एक वर्षाचं गुणपत्रक एका नावाने आणि दोन वर्षांची दुसऱ्या नावाने निघतात, मग ती निस्तरत बसावं लागतं. आईच्या नावाचं स्पेलिंगही याच वेळी पाहून घ्या. तिथली एका अक्षराची चूक फार जण सोडून देतात.

प्रश्न: इग्नूमध्ये एम.ए.ला प्रवेश घेतला. असाइनमेंट नेमक्या किती महत्त्वाच्या? बाजारात तयार मिळतात, त्या उतरवून दिल्या तर? (नागपूर)

उत्तर: असाइनमेंटला 30 टक्के, सत्रान्त परीक्षेला 70 टक्के. पण दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं, एम.ए.ला दोन्हीकडे 40 टक्के. हे नीट कळावं म्हणून आकडे पाहा. असाइनमेंटला 80 आणि परीक्षेला 40 मिळाले तर 24 अधिक 28, एकूण 52, पास. असाइनमेंटला 80 आणि परीक्षेला 38, तर बेरीज पन्नासच्या वर जाते, पण तुम्ही त्या पेपरात नापास. उलटही तेच: परीक्षेत 70 मिळवले आणि असाइनमेंट दिलीच नाही, तर पेपर निघत नाही, ग्रेड कार्डावर ‘नॉट कम्प्लिटेड’ पडून राहतं.

उतरवून देण्याबद्दल: एकाच दुकानातली वही शंभर जणांनी उतरवली की तपासनिसाला दुसऱ्या पानावरच कळतं. शिवाय असाइनमेंटचे प्रश्न आणि परीक्षेचे प्रश्न एकाच पुस्तकातून निघतात. तिथे हात फिरवलेला नसला की परीक्षेत पेन अडतं. पैसे देऊन स्वतःचं नुकसान करून घेण्याचा हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष करताना या ठिकाणी चुका होतात. असाइनमेंटची प्रश्नपत्रिका सत्रानुसार बदलते. तुमचा प्रवेश जुलैचा असेल तर जुलैचीच डाउनलोड करून घ्या, जुन्या सत्राची सोडवली तर ती ग्राह्य धरत नाहीत. ए-फोर फुलस्केप कागद, स्वतःच्या हस्ताक्षरात, प्रत्येक पेपरची वेगळी फाइल. पहिल्या पानावर नावनोंदणी क्रमांक, कार्यक्रमाचा कोड, पेपरचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड, पत्ता, सही, तारीख. कोड पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून पाहून लिहा, आठवून नको. शब्दमर्यादा पाचशेची असेल तर साधारण अडीच-तीन पानं. दहा पानं लिहिल्याने गुण वाढत नाहीत. जूनच्या परीक्षेसाठी जमा करायची तारीख साधारण 31 मार्च आणि डिसेंबरसाठी 30 सप्टेंबर. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, पण ती मिळेल असं धरून चालू नका. जमा करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढा, आणि केंद्रावर हातोहात दिली तर शिक्क्याची पोच घ्या. गुण चढले नाहीत तर तीच पोच दाखवावी लागते. पोच नसेल तर पुन्हा लिहा.

प्रश्न: इग्नूच्या पहिल्या वर्षाचा निकालच लागला नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या रि-रजिस्ट्रेशनची तारीख संपत आली. थांबू की भरू? (ठाणे)

उत्तर: भरा. इग्नूत पुढच्या वर्षाची नोंदणी निकालावर अवलंबून नसते. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली नसली तरीही ती करता येते. निकालाची वाट पाहिली तर अख्खं सत्र हातचं जातं. एक सूचना जाताजाता: प्रवेशाच्या फीमध्ये परीक्षा येत नाही. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची फी पेपरागणिक, आणि तो प्रत्येक वेळी आपणहून भरायचा. कॉलेजसारखी नोटीस वर्गात वाचून दाखवायला इथे कुणी येत नाही.

प्रश्न: ऑनलाइन फी भरली, खात्यातून पैसे गेले, पोर्टलवर मात्र ‘पेंडिंग’. मुदत उद्याची. (परभणी)

उत्तर: बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक आणि पोर्टलचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. काही तास थांबून पुन्हा लॉग-इन करा, बऱ्याचदा नोंद उशिरा चढते. संध्याकाळपर्यंत चढली नाही तर त्याच पुराव्यासह विद्यापीठाच्या तक्रार पोर्टलवर आणि ई-मेलवर लिहा, मग गरज पडली तर दुसऱ्यांदा भरा. अडकलेली रक्कम सहसा काही दिवसांत परत येते. मुदतीच्या शेवटच्या रात्री सर्व्हर बसतात हे दरवर्षीचं आहे. आठ दिवस आधी भरणं हाच खरा उपाय.

प्रश्न: चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट फिरते. इग्नूच्या बी.ए.चे सत्राला चार पेपर आहेत. रोज किती वेळ अभ्यास केला तर जमेल? (राजगुरुनगर)

उत्तर: ‘रोज दोन तास’ हा सल्ला फिरत्या शिफ्टवाल्याला देऊ नये. नाइट आली की तो पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि मग अपराधी वाटून पुस्तकच मिटतं. हिशेब आठवड्याचा धरा.

इग्नूच्या मोजणीप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. त्यात वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं आलं. चार क्रेडिटचा पेपर 120 तासांचा. असे चार म्हणजे 480 तास. सहा महिन्यांचे 26 आठवडे, त्यातले परीक्षेचे चार वगळले तर 22 उरतात. आठवड्याला साधारण 22 तास पडतात. ओव्हरटाइम करणाऱ्या माणसाला हे जमणं कठीण आहे, आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही.

तुमच्याकडे आठवड्याला दहाच तास असतील तर 22 आठवड्यांत 220 तास होतात, म्हणजे जेमतेम दोन पेपर. मग दोनच द्या. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. परीक्षेचा फॉर्म भरताना कोणते पेपर द्यायचे ते तुम्हीच निवडता. चारही देऊन चारही लटकवण्यापेक्षा दोन काढलेले बरे, आणि फीही वाया जात नाही.

कामाची वाटणी शिफ्टप्रमाणे करा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी असते, तेव्हा नवं वाचन: दीड-दीड तासाच्या चार बैठका, एका बैठकीत एकच घटक. सेकंडला सकाळी नऊ ते अकरा डोकं ताजं असतं, तेव्हा असाइनमेंट लिहा. नाइटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. कंपनीच्या बसमध्ये ध्वनिफिती ऐका, जुन्या प्रश्नपत्रिका चाळा, बस्स. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, टपालाने येणाऱ्या संचाची वाट पाहत महिना घालवू नका. परीक्षेचं वेळापत्रक निघालं की त्याच दिवशी रजेचा अर्ज सुपरवायझरकडे द्या, कारण जून आणि डिसेंबर दोन्ही वेळा रजेसाठी रांग असते.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एनपीटेलचा 12 आठवड्यांचा कोर्स केला. असाइनमेंटला पैकीच्या पैकी 25, परीक्षेत 75 पैकी 28. बेरीज 53 होऊनही सर्टिफिकेट नाही. हा अन्याय नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: नियम आधीपासून तोच आहे: असाइनमेंटला 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30, दोन्ही स्वतंत्रपणे. तुम्ही दोन गुणांनी राहिलात. वाईट वाटणं साहजिक आहे, पण असाइनमेंट घरी मित्रांबरोबर बसून सोडवता येते, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्यामुळे परीक्षेचा उंबरठा वेगळा ठेवणं आम्हाला रास्तच वाटतं.

पुढच्या वेळेसाठी असाइनमेंटचा हिशेब समजून घ्या. 12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला सहाची, चार आठवड्यांच्या कोर्सला तीनची. म्हणजे 12 आठवड्यांच्या कोर्सात चार आठवडे हुकले तरी चालतं. पण समजा कुणी सहाच दिल्या, सगळ्या शंभर गुणांच्या, तर भागाकार आठनेच होतो: 600 भागिले 8, म्हणजे 75, आणि 25 पैकी 18.75. मुदत संपल्यावर असाइनमेंट घेत नाहीत, एक मिनिटही नाही.

दोन गैरसमज तुमच्या वर्गातही असतील. कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, त्यामुळे परीक्षाही आपोआप होते असं वाटतं, तसं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी (एनपीटेलची 1000 रुपये, काही गटांना सवलत), आणि तिची शेवटची तारीख कोर्स संपायच्या बऱ्याच आधी येते. जवळचं केंद्र लवकर भरतं, मग दूरच्या शहरात जायची पाळी येते. दुसरा गैरसमज क्रेडिटचा. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्वरून करता येतात, पण कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरायचा ते तुमचं कॉलेज ठरवतं. एनपीटेलचा 12 आठवड्यांचा कोर्स साधारण तीन क्रेडिटचा धरतात. तुमचा पेपर चारचा असेल तर उरलेल्या एकाचं काय, हे परीक्षा विभागाकडून आधी लेखी घ्या. नाव नोंदवल्यावर विचारलंत तर ‘पाहू’ असं उत्तर मिळतं.

प्रश्न: दूरशिक्षणाची पदवी एमपीएससीला चालते का? आणि एलएल.बी. किंवा मानसशास्त्रातलं एम.ए. घरून करता येईल का? (जळगाव)

उत्तर: चालते. मान्यता असलेली दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. ‘कोणत्याही शाखेची पदवी’ असं जाहिरातीत असेल तिथे अडचण नाही. एखाद्या पदासाठी विशिष्ट विषय किंवा पूर्णवेळ शिक्षण मागितलं असेल तर जाहिरातीतली ती ओळ वाचूनच अर्ज करा.

एलएल.बी. नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, शेती, हॉटेल मॅनेजमेंट हेही दूरशिक्षणाने होत नाही. मानसशास्त्र पूर्वी होतं. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून यूजीसीने ते मायक्रोबायोलॉजी, आहार व पोषण या विषयांसह बंद केलं, कारण ते आरोग्यसेवेशी जोडलेले विषय धरले गेले. जुन्या माहितीपत्रकांत अजून नाव दिसेल, फसू नका. पीएच.डी.ही दूरशिक्षणाने नाही. बी.एड. आहे, पण सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी, अटी पाहून. आणि हो, 2022 पासून एक पदवी कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने, अशा दोन एकाच वेळी करता येतात.

प्रश्न: माझं शिक्षण नववीपर्यंत, वय 45. अंगणवाडी मदतनीस आहे, दहावी व्हायचंय. शाळेत तर बसता येणार नाही. (चिपळूण)

उत्तर: ताई, तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं आणि नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबर फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच परीक्षा द्यायची. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात, अर्जात जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि कागद तिथे द्यायचे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. तुमची जुनी शाळा सुरू असेल तर दाखल्यासाठी आजच अर्ज टाका, जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो.

दुसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. याचं पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे. इथे पाच विषय घ्यायचे, त्यांत भाषा असावी लागते. पास व्हायला 33 टक्के. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही: नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी मिळतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. पूर्वी दहावीला बसून एखाद-दोन विषय सुटलेले असते तर दोन विषयांपर्यंत गुण इकडे धरता आले असते. तुमचं नववीपर्यंतच असल्याने तो प्रश्न नाही.

अंगणवाडीचं काम आणि घर पाहता आम्ही तुम्हाला दुसरी वाट सुचवू. पहिल्या खेपेला मराठी आणि गृहविज्ञान असे दोनच विषय द्या. गणित टाळता येतं, पण पुढे कोणत्या पदासाठी ते लागेल का हे आधी तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंना विचारून घ्या, मगच विषय ठरवा.